भाकरी मोजणारी शेगडी

कागद आला तेव्हा वैजयंता होनमाने तासगावच्या शेडमध्ये बेदाणा निवडत होती. कागद म्हणजे आला फोनवरच, पण सरकारकडनं आलेल्या कुठल्याही गोष्टीला आमच्याकडं कागदच म्हणतात. शेडमध्ये निवडायचं मोठं काम आता यंत्र करायचं. कॅमेऱ्यानं दाणा बघायचं, वाऱ्याची फुंकर मारून डागी दाणा उडवायचं. पण यंत्राच्या नजरेतनं सुटलेली काडी, चिकटून बसलेला देठ काढायला शेवटी बायकाच लागायच्या. लांबलचक टेबल, बारा बायका, हात चालू आणि तोंड त्याहून चालू.

वैजयंताला बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून शेजारी बसलेल्या कमळाक्कानं वाचून दाखवलं. उलट-कर कचेरीनं कळवलं होतं की तुमची चूल आणि शेजारच्या खोलीतल्या इस्माईल बाबालाल नदाफ यांची चूल एकच असल्याचं आढळलंय. सबब तुमची दरमहाची रक्कम बंद, आणि गेल्या सात महिन्यांचे बेचाळीस हजार वसूल.

कमळाक्कानं फोन खाली ठेवला आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बया, सरकारनं तुझं लगीन लावलं की. आन आमाला साधं जेवनसुदिक न्हाई."

टेबल हसलं. वैजयंता हसली नाही. तिच्या हातातला दाणा हातातच राहिला.

आता हा उलटा कर काय भानगड होती ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरनं जाईल. पूर्वी गरिबाला रेशन वेगळं, विधवेला पगार वेगळा, म्हाताऱ्याला वेगळा. प्रत्येकाचा अर्ज निराळा, दाखला निराळा, आणि दाखल्यामागचं चहापाणी निराळं. ते सगळं मोडलं आणि आयकराचीच गाडी उलटी हाणली. एक रेघ मारली. एकट्या माणसाची चूल असेल तर महिना वीस हजारांची रेघ. त्याच्या वर कमावलंत तर कर भरा. खाली राहिलात तर जेवढं कमी पडलं त्याच्या निम्मं कचेरीच तुमच्या खात्यात टाकणार. बेदाण्याचा हंगाम चार महिने, मग इकडं तिकडं रोजगार. सगळं मिळून वैजयंताला महिन्याला आठ हजार पडायचे. बारा कमी. त्याचे निम्मे सहा दर एक तारखेला न मागता यायचे. अर्ज नाही, साहेब नाही, कुणाच्या पाया पडणं नाही. चांगली गोष्ट होती, खोटं कशाला बोला. पावसाळ्याचे चार महिने ती बाई त्या सहा हजारांवरच जगायची. खोलीचं भाडंच त्यातलं साडेतीन.

गोम होती ती चुलीत. एका चुलीवर दोघं जेवत असतील तर रेघ चाळीसची नाही, सव्वीसची. दोघांत एक पंखा, एक दिवा, एक भांडं, असा कचेरीचा विचार. वैजयंताचे आठ, इस्माईल मिस्त्रींची साखर कारखान्याची पेन्शन एकोणीस. झाले सत्तावीस. रेघेच्या वर. बाईचे सहा हजार गेले.

आणि कचेरीला कळलं कसं? कुणी चुगली केली नव्हती. शेगडीनं केली होती.

गॅस जाऊन घरोघरी विजेच्या शेगड्या आल्याला तोवर पाच वर्षं झाली होती. सरकारनंच वाटल्या, फुकट. या शेगडीचं असं असतं की तवा ठराविक तापलेला राहावा म्हणून ती सारखी त्याच्यावर ध्यान ठेवते. तापल्या तव्यावर गार, ओली भाकरी पडली की तवा दचकतो. उष्मा खाली येतो, शेगडी झटक्यात जास्त वीज ओढते. पाणी फिरवलं की लहान दचका, उलटली की आणखी एक. प्रत्येक भाकरीचे असे तीन दचके तारेतनं मीटरला जायचे, मीटरमधनं कचेरीच्या यंत्राला. यंत्राला घरात कोण बसलंय ते दिसत नव्हतं, पण भाकरी मोजता येत होती. कुणाच्या हातची तेसुद्धा ओळखायचं. कुणी भाकरी सावकाश थापतं, कुणी घाईनं टाकतं, ज्याची त्याची लय. आपण माणसाला चालीवरनं ओळखतो, तसं ते बाईला भाकरीवरनं ओळखायचं.

वैजयंता एकटी बाई, आणि भाकऱ्या दिवसाला आठ. भिंतीपलीकडं मिस्त्रींच्या शेगडीवर दिवसातनं दोनदा नुसता चहा. यंत्रानं दोन आणि दोन चार केले.

ते खोटं नव्हतंच. वैजयंताचा नवरा गेला तेव्हा मिस्त्रींच्या बायकोनं, शमशादनं, दीड महिना आपल्या घरचं ताट आणून दिलं, तिला चूल पेटवू दिली नाही. पुढं शमशाद गेली, मिस्त्रींना साखरेचा आजार होताच, त्यात कंपवात झाला, हात पिंपळाच्या पानासारखा थरथरायला लागला. कारखान्यात लोखंड वळवलेला गडी, पण चमचा तोंडापर्यंत जाईना. तेव्हापासनं नऊ वर्षं दोन वेळची ताटली या दारातनं त्या दारात जायची. मिस्त्रींनी पहिल्याच महिन्यात पैसे पुढं केले होते. वैजयंतानं ती नोट त्यांच्याच खिशात कोंबली आणि सांगितलं की आमच्यात अन्न विकत नाहीत. परत विषय निघाला नाही. ती त्यांना मिस्त्री म्हणायची, ते तिला बाई म्हणायचे. यापलीकडं त्या नात्याला नाव नव्हतं, आणि दोघांना कधी लागलंही नव्हतं.

वैजयंता दुसऱ्या दिवशी खाडा करून कचेरीत गेली. तिथं केतकी गुरव म्हणून तरणी अधिकारी होती, स्वभावानं बरी. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कायदा सांगितला. यंत्राचं म्हणणं खोडायचं तर एकच वाट. एकवीस दिवस दोन्ही चुली वेगळ्या दिसल्या पाहिजेत. दोघांनी आपापलं रांधायचं, आपापलं खायचं. जेवणाच्या वेळेला दोघांचे फोन एका उंबऱ्याच्या आत दिसता कामा नयेत. मिस्त्रींनी रोज हॉटेलातनं मागवलं तर तेही पैशाच्या नोंदीत दिसणार. वैजयंतानं त्यांच्या शेगडीवर जाऊन भाकरी केली तर यंत्र तिचा हात ओळखणार. आणि एकवीस दिवसांत खोटेपणा सापडला, तर ज्याचा सापडेल त्याचं तीन वर्षं काहीही मिळणं बंद.

"पेन्शनसुद्धा?" वैजयंतानं विचारलं.

"पेन्शनला हात लागत नाही मावशी. पण दंड पेन्शनमधनंच कापतात," केतकी म्हणाली.

घरी येऊन वैजयंतानं दारात उभ्यानंच मिस्त्रींना सगळं सांगितलं. तिला वाटलं म्हातारा हबकणार. मिस्त्री उलट खुलले. म्हणाले, एवढंच ना? एकवीस दिवस म्हणजे काय, कारखान्यात बंद पडलेला बॉयलर आपण अठरा दिवसांत उभा केला होता. शेगडी ती काय.

पहिले तीन दिवस त्यांनी खिचडी लावली. भिंत साडेचार इंचांची, सगळं ऐकू यायचं. वैजयंता आपल्या चार भाकऱ्या करून बसायची आणि पलीकडं डबा पडला, डाळ सांडली, मिस्त्रींनी कुणाला तरी शिवी दिली, हे ऐकत घास गिळायची. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्यातली एक भाकरी कापडात गुंडाळून चाळीतल्या सखूच्या पोरीच्या हाती पाठवली. भाकरी तशीच परत आली, वर निरोप, बाईला सांग नियम म्हणजे नियम.

चौथ्या दिवशी कुकर पालथा झाल्याचा आवाज आला. वैजयंता भिंतीला कान लावून उभी राहिली. शेवटी पलीकडनं मिस्त्री ओरडले, "काय झालं न्हाई. पायावर पानी सांडलं जरा."

पाचव्या दिवसापासनं आवाज बदलला. थप्. थोडं थांबून थप्. मग तव्यावर चर्र. वैजयंताचा विश्वास बसेना. म्हातारा भाकरी करायला शिकला होता. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, घड्याळ लावून घ्यावं अशा.

तिला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण आत कुठंतरी बारीक काटा मोडला. नऊ वर्षं आपण ताटली नेली, आणि हा माणूस पाच दिवसांत आपल्यावाचून निभावतोय. शेडमध्ये कमळाक्कानं विचारलं, काय म्हणतंय तुमच्या दोघांचं, तर वैजयंता फणकाऱ्यानं म्हणाली, आमचं दोघांचं काय नसतंय, त्यांचं ते करून खात्यात.

बाहेर येताजाता मिस्त्री दिसायचे. उतरल्यासारखे वाटायचे, पण आपण होऊनच लांबनं हात करून सांगायचे, साखर कमी झाली म्हणतोय डॉक्टर, गोळी लागू पडली. वैजयंतानं ते खरं धरलं. धरायचंच होतं तिला. सहा हजार म्हणजे भाडं आणि पावसाळा, आणि डोक्यावर बेचाळीस हजारांची वसुली. माणूस गरजेला तेवढंच बघतो जेवढं परवडतं.

अठराव्या दिवशी सकाळी थप् आवाज आला नाही.

साडेसात झाले. पावणेआठ झाले. शेडची टमटम रस्त्यावर येऊन भोंगा द्यायला लागली. वैजयंतानं आधी काय केलं असेल? तिनं भिंतीवर मूठ मारली आणि म्हणाली, "मिस्त्री, शेगडी लावा. दिवस वाया जाईल."

हे ती नंतर कुणालाही सांगायची, स्वतःहून. की आधी मला शेगडी आठवली, माणूस नंतर.

तिनं दुसऱ्यांदा मूठ मारली. मग फोन ओट्यावर टाकला, बाहेर आली, मिस्त्रींचं दार ढकललं. कडी नव्हती. मिस्त्री शेगडीसमोर भिंतीला टेकून बसले होते. अंगाला घामाची आंघोळ, ओठ पांढरे, डोळे उघडे पण तिच्याकडं बघत नव्हते. वैजयंताचा नवराही साखरेचाच आजारी, त्याचीही साखर अशीच एकदम खाली यायची. तिला ते तोंड ओळखीचं होतं. तिनं फळीवरनं साखरेचा डबा ओढला, मूठभर साखर पाण्यात कालवली आणि त्यांची हनुवटी धरून घोट घोट पाजली. अर्धी छातीवर सांडली. बाहेर टमटमनं शेवटचा भोंगा दिला आणि निघून गेली.

दहा मिनिटांनी मिस्त्रींची नजर ठिकाणावर आली. सावकाश म्हणाले, "गोळी घेतली हुती. खायाचं ऱ्हायलं."

वैजयंता खायला काय आहे ते बघायला उठली, आणि तेव्हा तिला तवा दिसला. तव्यावर भाकरी नव्हती. गोल कापलेली जाड फडक्याची घडी होती, कडा करपलेल्या. शेजारी पाण्याची वाटी. तिनं पिठाचा डबा उघडला. काठोकाठ भरलेला, वरचा हात फिरवलेला तसाच. कोपऱ्यात चुरमुऱ्याची पिशवी, तीही तळाला गेलेली.

तिला सगळं एकदम कळलं. या हातानं भाकरी थापता येत नाही, पण रिकाम्या परातीत थाप मारता येते, ओलं फडकं तापल्या तव्यावर टाकता येतं. तवा दचकतो. पाणी शिंपडलं की परत दचकतो. उलटलं की तिसऱ्यांदा. फिटर माणूस, यंत्राला काय पाहिजे ते त्यानं बरोबर ओळखलं होतं आणि तेवढंच दिलं होतं. तेरा दिवस. पोटात चहा, चुरमुरे आणि साखर उतरवायची गोळी.

तेवढ्यात दारात सावली पडली.

केतकी गुरव होती. एकवीस दिवसांत एखाद्या वेळेला शेगडी बंद दिसली की जागेवर जाऊन बघायचं, असा नियम. तिच्यामागं चाळीतल्या तीनचार बायका, आणि त्यात कमळाक्का, तिनंही आज खाडा केलेला. वैजयंतानं तव्यावरचं फडकं उचललं आणि ओच्यात खोवलं. गरम होतं, पोटाला चटका बसला. तोंडावर काही दिसू दिलं नाही.

केतकीनं मिस्त्रींची विचारपूस केली, दवाखान्याची गाडी बोलवू का म्हणाली. मिस्त्री नको म्हणाले. मग तिनं खोलीभर नजर फिरवली. उघड्या डब्यावर नजर थांबली.

"पीठ भरलेलं दिसतंय, काका."

"कालच दळून आनलं," मिस्त्री म्हणाले. आवाज इतका शांत की वैजयंतालाच क्षणभर खरं वाटलं.

केतकीनं हातातल्या काचेच्या पाटीवर बघितलं. सतरा दिवस, दोन चुली, दोन वेगळे हात, पाचव्या दिवसापासनं तर रोज चार-चार भाकऱ्या. फोन कधी एका उंबऱ्यात नाहीत. तिनं अजून एकदा डबा बघितला, मिस्त्रींची गालफडं बघितली. तिला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. म्हणाली, आजचा आणि उरलेले तीन दिवस आजारपणात धरते, तेवढा अधिकार मला आहे. बाकीचं स्वच्छ आहे. दोन चुली ठरल्या. वसुली रद्द, एक तारखेपासनं रक्कम चालू. यापुढं महिन्याकाठी यंत्र आपलं बघत राहील, तेवढंच.

मिस्त्रींनी वैजयंताकडं बघितलं. जिंकलेल्या माणसानं बघावं तसं.

वैजयंताच्या पोटावर फडकं भाजत होतं. बाहेर काढावं तर मिस्त्री खोटे ठरणार, दंड, तीन वर्षं. आत ठेवावं तर एक तारखेला सहा हजार येणार, दर महिन्याला येणार, आणि भिंतीपलीकडं दर सकाळी थप् आवाज येणार. किती दिवस येईल, ते आज तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

"मागचं सगळं मिटलं का?" तिनं विचारलं.

"अंगठा केलात की मिटलं."

वैजयंतानं पाटीवर अंगठा दाबला. पाटी वाजली. तिनं दोनदा विचारून खात्री केली की आता हे उकरून काढता येत नाही. मग म्हणाली, "आता दुसरं लिवा. आजपास्नं एक चूल."

केतकी तिच्याकडं बघतच राहिली. म्हणाली, मावशी, मग रक्कम बंद होईल. आत्ताच चालू केली मी. वैजयंता म्हणाली, मला मोजता येतंय.

मिस्त्री भिंत धरून उठायला लागले. उठता येईना, तसेच बसून म्हणाले, "बाईंचं डोकं फिरलंय. लिवू नका. माझी चूल माझी हाय. सतरा दिवसाचा पुरावा हाय तुमच्याकडं."

"पुरावा मला नका सांगू," वैजयंता म्हणाली आणि ओच्यावर हात ठेवला. मिस्त्रींना समजलं.

पण कायद्यानं एक चूल करायची तर दोघांचा अंगठा लागतो. केतकीनं तसं सांगितलं. मिस्त्रींनी दोन्ही हात मांडीखाली घातले, लहान पोरानं घालावे तसे. शेवटी मिस्त्री जमिनीकडं बघत म्हणाले, "तुझं सहा हजार माझ्यापायी जायाचं, आन मी फुकट गिळायचं. हे न्हाई हुनार. माझी पेन्शन तुझ्या डब्यात पडनार असंल, सगळी, तर अंगठा. न्हाईतर हो भाईर."

नऊ वर्षांत पहिल्यांदा ते तिला तू म्हणाले होते.

वैजयंताचं तोंड लाल झालं. परक्या गड्याची पेन्शन आपल्या डब्यात, आणि तीही कमळाक्कासमोर. उद्या शेडमध्ये टेबलभर हेच चालणार, परवा लेकीच्या सासरी पोचणार. आणि आमच्यात अन्न विकत नाहीत, हे तिचंच बोलणं. तिनं दाराकडं बघितलं नाही. फार वेळ लागला तिला. एवढा की केतकीनं पाटी विझू नये म्हणून दोनदा बोट लावलं.

"औषधाचं आधी काढायचं," वैजयंता म्हणाली. "ऱ्हायलेलं डब्यात. आन मी मोजून घेनार न्हाई."

"मी मोजून देनार," मिस्त्री म्हणाले, आणि मांडीखालनं हात काढला.

अंगठा पाटीवर टेकेना. थरथरत इकडं गेला, तिकडं गेला. पाटीनं नापसंतीचा आवाज केला. परत केला, परत तोच आवाज. केतकी म्हणाली, राहू दे, मी उद्या येते. मिस्त्रींच्या कपाळाला घाम सुटला होता. वैजयंता खाली बसली. तिनं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, घट्ट, बाई परातीची कड धरते तसं, आणि अंगठा पाटीवर दाबून ठेवला.

पाटी वाजली.

केतकी पाटी पिशवीत घालत होती. वैजयंतानं मनगट सोडलं नाही. एका हातानं ते धरून, दुसरा हात त्यांच्या काखेत घालून तिनं मिस्त्रींना उभं केलं आणि दाराकडं वळवलं. दारात कमळाक्का होती.

"सर की गं," वैजयंता म्हणाली. "उपाशी हाय मानूस."

कमळाक्का सरली.